एका नळीत तीन भानगडी

केमिकल इंजिनीअरिंगच्या पाठ्यपुस्तकातली रिअ‍ॅक्शन फार सोज्वळ असते. 'ए'ची 'बी' होते. ती मागे वळून बघत नाही, वाटेत 'सी'च्या नादाला लागत नाही, तापमान वाढवत नाही की घटवत नाही. परीक्षेत तिला आठ मार्क असतात आणि ते मिळतात. या पुण्याईवर मुलगा एम.टेक.ला येतो, गाईडच्या केबिनमध्ये उभा राहतो आणि गाईड फाईलवरची नजर न उचलता सांगतात, "पॅक्ड बेड रिअ‍ॅक्टर घे. मल्टिपल रिअ‍ॅक्शन्स घे. न्यूमरिकली सोडव. महिन्याभराचं काम आहे."

ज्याने शेवटचा कोड फोरट्रानमध्ये लिहिला त्याला जगातलं कुठलंही मॉडेल महिन्याभराचंच वाटतं.

मी अशा मुलांच्या व्हायव्हांना बाहेरचा परीक्षक म्हणून बसतो. आधी उमेदीची वर्षं कारखान्यात गेली, त्यामुळे प्लँटवाल्यांच्या आणि कॉलेजवाल्यांच्या, दोघांच्याही लबाड्या ओळखीच्या आहेत. बसून बसून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. या विषयात सगळ्यात सोपं काय असेल, तर बरोबर उत्तर आणणं. अवघड बाकीचं सगळं आहे. पण हे पटायचं तर आधी नळीत उतरावं लागेल.

नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या अमोनियाच्या कारखान्यात, मग तो अलिबागजवळ थळचा असो की आणखी कुठला, एक प्रचंड भट्टी असते. तिला रिफॉर्मर म्हणतात. तिच्यात उभ्या नळ्या टांगलेल्या असतात, एक-दोन नव्हे, शेकड्यांनी. आतला व्यास दहा-बारा सेंटिमीटर, लांबी दहा-बारा मीटर. नळीत निकेलच्या कॅटॅलिस्टच्या भोकाभोकांच्या गोळ्या ठासून भरलेल्या. वरून मिथेन आणि वाफ शिरते, बाहेरून बर्नर धगधगत असतात, आणि खालून ८०० अंशांच्या आसपास तापलेला, हायड्रोजनने भरलेला वायू बाहेर पडतो. या हायड्रोजनचा अमोनिया, अमोनियाचा युरिया, युरियाचं पोतं, आणि पोत्यावरून मग जे काय होतं ते वर्तमानपत्रात येतं.

नळीत तीन भानगडी एकाच वेळी चालू असतात. पहिलीत मिथेन आणि वाफ मिळून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतो. ही भयंकर खादाड, एका मोलमागे २०६ किलोज्यूल उष्णता गिळते. दुसरीत तोच मोनॉक्साइड आणखी वाफ घेऊन कार्बन डायऑक्साइड होतो. ही स्वभावाने बरी, ४१ किलोज्यूल परत करते. तिसरीत मिथेन मधल्या पायऱ्या न चढता थेट डायऑक्साइड होतो आणि १६५ किलोज्यूल खातो. तिन्ही दोन्ही दिशांनी चालतात. म्हणजे पुढे गेलेला माणूस परत येणारच नाही, अशी कुणीही हमी देत नाही.

ज्यांना बेरीज-वजाबाकी आवडते त्यांनी एव्हाना २०६मधून ४१ वजा केले असतील. बरोबर १६५ उरतात. तिसरी भानगड म्हणजे पहिली अधिक दुसरी. व्हायव्हात मी हा प्रश्न हमखास विचारतो.

"यात स्वतंत्र रिअ‍ॅक्शन्स किती?"

"दोन, सर."

"मग तुझ्या मॉडेलमध्ये तीन कशा?"

इथे मुलगा गाईडकडे बघतो. गाईड खिडकीकडे बघतात. खिडकीबाहेर सहसा पार्किंग असतं.

उत्तर तसं सरळ आहे. कोणता वायू किती उरला हा जमाखर्च मांडायला दोन पुरतात. पण तो किती वेगाने बदलला हे सांगायला तिन्ही लागतात, कारण कॅटॅलिस्टच्या पृष्ठभागावर तिसरीची वाट वेगळी आहे आणि तिचा वेगही वेगळा. पण मुलाने तीन घेतल्या त्यामागे हे कारण नसतं. पेपरमध्ये तीन होत्या म्हणून त्याने तीन घेतल्या.

पेपर म्हणजे शू आणि फ्रोमेंट यांचा. साल १९८९, बेल्जियममधलं गेंट विद्यापीठ. या दोघांनी निकेल कॅटॅलिस्टवर हे तिन्ही वेग मोजले आणि समीकरणं छापली. तेव्हापासून रिफॉर्मरचं मॉडेल करणारी जगातली बहुतेक मुलं हीच समीकरणं जशीच्या तशी उतरवून घेतात. उतरवताना दोन खड्डे लागतात आणि दोन्हींत पडण्याचा मान जवळजवळ प्रत्येकाला मिळतो.

पहिला खड्डा हायड्रोजनचा. पहिल्या आणि तिसऱ्या वेगाच्या समीकरणात छेदस्थानी हायड्रोजनचा दाब आहे, आणि तोही पहिल्यात अडीच, तर तिसऱ्यात साडेतीन घातात. नळीच्या तोंडाशी हायड्रोजन किती? मुलगा प्रामाणिक असतो, तो शून्य लिहितो. शून्याचा अडीचावा घातही शून्यच. छेदात शून्य आलं की रिअ‍ॅक्शनचा वेग अनंत होतो. पहिल्याच मिलिमीटरला अख्ख्या नळीतला मिथेन संपवून संगणक हताश होतो. रात्री दोन वाजता हॉस्टेलमधून मेसेज येतो: "सर, रिअ‍ॅक्टर ब्लास्ट झाला." यावर प्रत्येक लॅबमध्ये एक घरगुती औषध आहे आणि ते सीनियर ज्युनियरला कानात सांगतो: तोंडाशी चिमूटभर हायड्रोजन टाक. किती? "चालेल इतका." मुलगा ०.००००१ टाकतो, कोड चालतो, आणि आपण निसर्गाशी लबाडी केली या भावनेने तो प्रबंधात त्याचा उल्लेख करत नाही. यात लपवण्यासारखं काहीच नसतं. खऱ्या कारखान्यात वायू रिफॉर्मरमध्ये शिरण्याआधी त्यातलं गंधक काढतात, आणि त्यासाठी त्यात थोडा हायड्रोजन मुद्दाम मिसळलेला असतो. तोंडाशी हायड्रोजन शून्य, ही गोष्ट फक्त मुलाच्या वहीत घडते. पण हे कळायला वहीतून उठून एकदा प्लँटवर जावं लागतं, आणि प्लँटच्या गेटपासाला लागणारी कागदपत्रं प्रबंधाच्या मसुद्याहून जाड असतात.

दुसरा खड्डा एककांचा. पहिल्या वेगाच्या स्थिरांकाचं एकक छापलंय ते असं: किलोमोल गुणिले बारचं वर्गमूळ, भागिले किलो-तास. बारचं वर्गमूळ! मीटर पाहिला, किलो पाहिला, पण बारचं वर्गमूळ कुठल्या बाजारात मिळतं? मुलाच्या कोडमध्ये दाब पास्कलमध्ये आहे, वेळ सेकंदांत आणि पदार्थ मोलमध्ये. मग तो ३६०० ने भागतो, १००० ने गुणतो आणि वर्गमुळाशी येऊन थबकतो. एका बारमध्ये एक लाख पास्कल, म्हणजे वर्गमूळ ३१६. हे ३१६ कुणी गुणतो, कुणी भागतो, आणि काही थोर आत्मे ते सरळ गाळून टाकतात. तिघांच्याही स्क्रीनवर ग्राफ मात्र येतो. सुरेख, वळणदार, रंगीत. ग्राफने कधी कुणाला नाही म्हटल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

यानंतर सॉल्व्हर. इथे मात्र मुलांची कणव येते. या समीकरणांत एक भानगड क्षणात उरकणारी असते आणि दुसरी निवांत रेंगाळणारी. अशा समीकरणांना 'स्टिफ' म्हणतात. १९५२ साली कर्टिस आणि हर्शफेल्डर या अमेरिकी रसायनतज्ज्ञांनी त्यांची तक्रार पहिल्यांदा नीट मांडली, आणि आज सत्तर वर्षांनंतरही लॅबमध्ये तीच तक्रार ऐकू येते. साधी रुंगे-कुट्टा पद्धत म्हणजे तान्हं पोर निजवणारी आई: पोराचा डोळा लागेपर्यंत चवड्यावर चालते ते ठीकच, पण पोर गाढ झोपलं तरी ही दिवसभर चवड्यावरच चालत राहते. वेगवान भानगड पहिल्या दोन सेंटिमीटरमध्ये विझलेली असते, तरी पावलं नखाएवढीच. जरा मोठं पाऊल टाकलं की सगळं कोसळतं. मॅटलॅबमध्ये ही पद्धत 'ओडीई-४५' नावाने असते. पायथनमध्ये काहीच सांगितलं नाही तर आपोआप हीच लागते. मुलगा संध्याकाळी कोड सुरू करतो, मेसला जाऊन येतो, नाक्यावर क्रिकेटची चर्चा होते, आणि परत येऊन बघतो तर वायू बारा मीटरपैकी जेमतेम एक वीत उतरलेला असतो.

स्टिफ समीकरणांसाठी वेगळे सॉल्व्हर आहेत. मॅटलॅबमध्ये नावातलं ४५ काढून '१५-एस' टाकायचं, पायथनमध्ये 'बीडीएफ' किंवा 'राडाऊ' सांगायचं. कोड सेकंदाच्या आत संपतो. पंधरवडाभर तंगलेल्या मुलाला हे कुणी सांगितलं की तो आधी खूष होतो आणि मग त्या सांगणाऱ्यावर चिडतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

एक प्रकार मात्र मनात घर करून राहिला आहे. सॉल्व्हर अंदाजाने पाऊल टाकतो तेव्हा तो चाचपडत एखाद्या वेळी शून्याच्या खाली उतरतो, आणि हायड्रोजनचा दाब क्षणभर उणे होतो. उणे संख्येचा अडीचावा घात घेतला की मॅटलॅब वास्तव जग सोडतं आणि काल्पनिक संख्यांत शिरतं. तरीही ते थांबत नाही. ग्राफ काढताना फक्त खाली नम्रपणे कळवतं की काल्पनिक भाग दुर्लक्षित केला आहे. एका सेमिनारात स्लाइडच्या कोपऱ्यात ही ओळ तशीच राहून गेली होती. मी विचारलं, "हे काय आहे?" मुलगा म्हणाला, "ती वॉर्निंग आहे सर, एरर नाही." या वाक्यावर आपला अर्धा समाज चाललेला आहे, म्हणून मी पुढे काही बोललो नाही.

बाकीच्या सामग्रीबद्दल थोडक्यात. गोळ्यांमधून वाट काढताना दाब किती घटतो, हे एर्गुन यांच्या १९५२च्या समीकरणाने काढायचं. त्यातले १५० आणि १.७५ हे दोन आकडे मुलांना पाठ असतात. ते कुठून आले हे कुणी विचारत नाही. (प्रयोगांतून आले. उगाच आदर वाढवू नये.) नळीच्या तोंडाशी आणि टोकाशी काय अटी घालायच्या, हे डँकवर्ट्स यांनी १९५३ साली सांगून ठेवलं आहे. हे डँकवर्ट्स म्हणजे साधी असामी नव्हे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर पॅराशूटने पडलेले जर्मन सुरुंग निकामी केल्याबद्दल १९४० साली त्यांना जॉर्ज क्रॉस मिळाला होता. सुरुंगाच्या शेजारी बसून आलेल्या माणसाला सीमेवरच्या अटींची भीती ती काय वाटणार! आपल्या मुंबईच्या यूडीसीटीचे प्रा. मनमोहन शर्मा यांनी केंब्रिजमध्ये पीएच.डी. केली ती याच डँकवर्ट्स यांच्याकडे. पुढे शर्मा आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे डोराईस्वामी या दोघांनी १९८४ साली 'हेटेरोजिनिअस रिअ‍ॅक्शन्स'चे दोन जाडजूड खंड लिहिले. बहुतेक विभागांच्या ग्रंथालयात ते आहेत आणि काढायला गेलं की नेहमी जागेवरच सापडतात. यातला विनोद ग्रंथपालांना कळेल.

आता गोळी. आतापर्यंत मुलाने धरलं होतं की गोळीच्या पोटात आणि बाहेर वायू सारखाच असतो. प्रत्यक्षात मिथेन गोळीच्या बारीक छिद्रांतून आत शिरायच्या आतच सालीवर खलास होतो. गोळीच्या क्षमतेतले शंभरात जेमतेम दोन-चार भाग कामी येतात. बाकीचं निकेल आत नुसतं हजेरी लावून बसलेलं असतं. कुठल्याही कार्यालयाचं नाव घ्यायचा मोह मी इथे आवरतो. साल तेवढी काम करते म्हटल्यावर कारखानदारांनी गोळीत चार, सात, दहा भोकं पाडली, की साल वाढावी. कॅटॅलिस्ट विकणारे या भोकांवर ज्या तन्मयतेने बोलतात ती मी कीर्तनकारांतही कमी पाहिली आहे. मुलाच्या मॉडेलमध्ये मात्र याने नवाच उत्पात होतो. कामाच्या या प्रमाणाला 'इफेक्टिव्हनेस फॅक्टर' म्हणतात, आणि पाठ्यपुस्तकातल्या त्या 'ए'च्या 'बी'साठी तो, तापमान सारखं असेल तर, शून्य आणि एक यांच्यामध्ये मुकाट बसतो. इथे तीन भानगडी आहेत. मोनॉक्साइड खाणारी दुसरी भानगड गोळीच्या बाहेर एका दिशेने चालते, आत उलट्या दिशेने. मग तिचा फॅक्टर उणे येतो. कुठे बाहेरचा वेग शून्याला टेकतो आणि फॅक्टर अनंताकडे झेपावतो. मुलगा घाबरून तो सरळ ०.०३ धरून टाकतो, सगळ्यांना, सगळीकडे. गाईड म्हणतात, "इंजिनीअरिंग अ‍ॅप्रोक्झिमेशन." हे दोन शब्द उच्चारले की डिपार्टमेंटमध्ये शांतता पसरते.

आणि एवढं सगळं झाल्यावर उत्तर बरोबर येतं.

शेवटची स्लाइड ठरलेली असते. एका रकान्यात प्लँटचे आकडे, दुसऱ्यात मॉडेलचे. नळीतून बाहेर पडणाऱ्या कोरड्या वायूत मिथेन किती, हायड्रोजन किती. फरक दीड टक्का. टाळ्या. मुलाने ३१६ ने गुणायच्या ऐवजी भागलेलं असलं तरी कधी कधी टाळ्या. ही जादू नव्हे. नळीच्या खालच्या टोकाला वायू इतका तापलेला असतो आणि भानगडी इतक्या झपाट्याने चालतात, की तो समतोलाच्या अगदी जवळ येऊन ठेपतो. समतोलाला वेगाशी देणंघेणं नसतं; त्याला फक्त तापमान, दाब आणि आत काय टाकलं ते पुरतं. बाहेरचं तापमान मुलाने प्लँटवरूनच घेतलेलं असतं, भट्टीची उष्णता त्याच्याशी जुळेपर्यंत कमी-जास्त केलेली असते. तापमान जुळलं की मिश्रण आपोआप जुळतं. वेग दुप्पट करा, निम्मा करा, बाहेरच्या टोकाला फारसा फरक पडत नाही. म्हणजे ज्या आकड्यांवर टाळ्या पडतात ते आकडे समतोलाच्या साध्या गणितानेही अर्ध्या तासात आले असते. तीन भानगडींचं जे मॉडेल केलं त्याची परीक्षा या स्लाइडने झालेलीच नसते.

परीक्षा होते ती नळीच्या कातडीवर. या नळ्या क्रोम-निकेलच्या महागड्या मिश्रधातूच्या असतात, आणि साधारण एक लाख तास टिकतील या हिशोबाने त्यांची जाडी ठरवतात. धंद्यातला जुना ठोकताळा आहे: नळी ठरल्यापेक्षा वीसेक अंशांनी जास्त तापत राहिली तर तिचं आयुष्य निम्मं. वीस अंश! आणि नळीची कातडी कुठे किती तापणार, हे आतली खादाड भानगड त्या जागी किती उष्णता गिळते यावर ठरतं. तिथे तिचा वेग चुकला तर टाळ्यांची स्लाइड जशीच्या तशी राहते आणि नळी मात्र फुटते.

प्लँटवर हे बघायला संगणक लागत नाही. भट्टीच्या भिंतीला जागोजागी झडपवाली छोटी खिडकी असते, पीपहोल. काळा चष्मा लावून, चेहरा जरा तिरका धरून आत बघायचं. अगदी समोरून बघितलं तर भुवया जातात, असं नवख्यांना सांगतात. ते थोडंसं खरंही आहे. आत नळ्यांची रांग नारिंगी उजेडात उभी असते. सगळ्या सारख्या दिसल्या तर शिफ्ट चांगली. एखादीच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात पांढुरका पट्टा दिसला, तर तिथला कॅटॅलिस्ट दमलाय, मिथेन गिळला जात नाही, उष्णता साचते, आणि मिथेन फुटून कार्बनची काजळी धरते आहे. डाग आणि पट्टे नळीभर पसरले की त्याला 'जिराफ नेक' म्हणतात. आणखी एका तऱ्हेचे पट्टे उमटले की 'टायगर टेलिंग'. अमोनिया प्लँटच्या कंट्रोल रूममध्ये या प्राण्यांची नावं निघाली की साहेब खुर्चीतून उठतात.

एकदा एका विद्यार्थ्याला घेऊन मी अशाच खिडकीशी उभा होतो. सोबत पॅनेलवरचे एक जुने ऑपरेटर होते. मुलाने लॅपटॉपवरचा ग्राफ त्यांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला.

"ही कितवी नळी?"

"काका, ही सरासरी नळी आहे. सगळ्या सारख्या धरल्या आहेत."

"सारख्या?" त्यांनी खिडकीची झडप उघडली. "ते बघा, त्या रांगेत डावीकडून चौथी. कॅटॅलिस्ट भरताना गोळ्यांचा पूल झाला असणार मध्येच, खाली पोकळी राहिली. दाब मोजून भरतात, नाही जुळला तर उपसून पुन्हा भरतात, तरी एखादी सुटते. आमच्या शिफ्टला सरासरी नळी कधी फुटली नाही हो. फुटते ती हीच."

मुलाने पायरोमीटर मागितला, त्या नळीवर धरला आणि आकडा मोठ्याने वाचला. ऑपरेटरकाका म्हणाले, "त्यातून थोडे अंश वजा करा. भिंतीचा उजेड नळीवरून परततो, तोही यंत्र मोजतं." मुलाने 'किती' असं विचारलं नाही. माझ्या मते त्याच्या एम.टेक.मधला तो सगळ्यात शहाणपणाचा क्षण होता. घरी जाऊन त्याने मॉडेलमध्ये आधी कार्बनचा जमाखर्च घातला. वरून जितका कार्बन शिरला तितका प्रत्येक सेंटिमीटरला सापडतो का, एवढंच तपासणारी चार ओळींची तपासणी. दोन ठिकाणी सापडला नाही.

तेव्हा माझ्या परीक्षक-बंधूंना एकच विनंती आहे. प्लँट आणि मॉडेलच्या रकान्यांची ती शेवटची स्लाइड पडद्यावर आली की टाळ्यांसाठी हात उचलू नका. वरच्या तिसऱ्या हिश्श्यात नळीची कातडी किती तापते ते विचारा, आणि कार्बनचा हिशोब मागा. मुलाने गाईडकडे बघितलं तर दोन मार्क कापा. गाईडने खिडकीकडे बघितलं तर ते त्याला परत द्या.